पंधराव्या वर्षी जुनं नाटक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कुमारवयातल्या मुलांना अभिजात नाटकाची ओळख कशी करून द्यावी, यावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, आणि पत्रलेखकांची नावं न छापता फक्त गावं दिली आहेत.

शिक्षिका, चोपडा : नववीच्या वर्गाला ‘संगीत शारदा’ची ओळख करून द्यायला घेतली. आधी देवलांचं चरित्र सांगितलं, मग संगीत नाटकाचा इतिहास, आणि शेवटी ध्वनिमुद्रण लावलं. वीस मिनिटांत मागचे बाक पेंगायला लागले. नाटक जुनं झालंय की माझं काही चुकतंय?

ताई, नाटक ठीक आहे, क्रम उलटा झाला. चरित्र शेवटी यायला हवं, तेही मुलांनी विचारलं तर. सुरुवात प्रवेशापासून करा आणि नाटककाराचं नावसुद्धा राखून ठेवा.

दोन तासिका धरा. आदल्या दिवशी एक प्रवेश निवडून त्याच्या प्रती काढा, छापील चार पानांहून जास्त नको. लग्नाचा दलाल भद्रेश्वर दीक्षित आणि पैशाला हपापलेला बाप कांचनभट यांच्यात मुलीचा, शारदेचा, म्हाताऱ्याशी लग्नाचा सौदा शिजतो, तिथून सुरुवात चांगली होते. झेरॉक्स काढताना अक्षर मोठं करा. जुन्या आवृत्त्यांचा बारीक ठसा हेच मुलं अडखळायचं निम्मं कारण असतं. अडणारे सात-आठ शब्द फळ्यावर अर्थासह लिहून ठेवा, म्हणजे वाचन थांबवून समजवावं लागत नाही.

वर्गात पहिल्या तीन मिनिटांत तीनच गोष्टी सांगा : माणसं कोण, जागा कुठली, कुणाला काय हवंय. मग वाचन दोनदा. पहिल्यांदा बसून, दुसऱ्यांदा उभं राहून आणि भूमिका बदलून. पहिल्या वाचनात सगळी शक्ती अक्षरं लावण्यात जाते, अर्थ कानावर पडतो तो दुसऱ्या खेपेला. अनेक वर्गांत पहिलं वाचन संपताच ‘यातून काय बोध मिळतो’ असं विचारलं जातं आणि तिथेच नाटक संपतं. त्याऐवजी विचारा : या घडीला कांचनभटाला काय हवंय, ते त्याने मुलीला सांगितलंय का, आणि या सगळ्यात पैसा कुणाच्या खिशात जातोय? तिसऱ्या प्रश्नावर वर्ग जागा होतो. लग्नातलं देणं-घेणं काय असतं हे आपल्याकडच्या मुलांना शिकवावं लागत नाही.

पदांचं मात्र वेगळं. छापील पानावर पद आलं की मुलं ते ओलांडून पुढे जातात. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशें वयमान’ हे आधी गद्यासारखं, मैत्रिणींनी टोमणा मारावा तसं बोलून घ्या. टोमणा पोहोचला की मगच ध्वनिमुद्रण लावा, दोन मिनिटं पुरे. उलट केलंत तर मुलांना फक्त ताना ऐकू येतात.

दुसऱ्या तासिकेत लग्नमंडपातला प्रवेश घ्या. लग्न मोडतं कशामुळे, हे मुलांना शोधू द्या. शारदेला कुणी विचारलं म्हणून मोडत नाही, वधू-वर एकाच गोत्राचे निघाले म्हणून मोडतं. ‘मग गोत्र वेगळं असतं तर?’ एवढा एक प्रश्न टाकून गप्प बसा. यानंतर सनावळी सांगितली तर ती लक्षात राहते : नाटक 1899 चं, मुलीचं वय किमान 14 ठरवणारा कायदा 1929 चा, आणि सध्या लागू असलेला 2006 चा, मुलीला 18 आणि मुलाला 21. 1929 च्या कायद्याला सारडा कायदा म्हणतात ते हरबिलास सारडा यांच्यावरून. शारदा नाटकाशी त्या नावाचा संबंध नाही, पण हा घोटाळा वारंवार होतो.

एक काळजी घ्या. वर्गातल्या एखाद्या मुलीच्या घरी हा विषय खरोखरच चालू असू शकतो. चर्चेत कुणाचंही उदाहरण मागू नका. मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि त्यावर भाष्य करू नका.

पालक, भुसावळ : मुलगा सोळा वर्षांचा. अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ बघायची सवय. तीन तासांचं नाटक त्याच्या गळी कसं उतरवायचं?

उतरवू नका. आधी घोटाळ्याचं नाटक द्या. देवलांच्याच ‘संशयकल्लोळ’मध्ये सगळा गोंधळ एका तसबिरीवरून होतो. रेवतीला रस्त्यात घेरी येते, तिच्या हातची तिच्या प्रियकराची, आश्विनशेठची, तसबीर तिथेच पडते. म्हातारा फाल्गुनराव तिला सावरतो, हे त्याची बायको कृत्तिका पाहते. मग ती तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि परक्या पुरुषाची तसबीर बायकोजवळ पाहून फाल्गुनराव पेटतो. चार माणसं, एक फोटो, आणि ‘हा कोण?’ एवढं सरळ विचारायला कुणीच तयार नाही. ज्याच्या मोबाइलमध्ये रोज कुणाचा तरी स्क्रीनशॉट फिरतो, त्याला हे समजावून सांगायची गरज पडत नाही. मूळ कल्पना फ्रान्सच्या मोलिएरची, ती इंग्रजीमार्गे मराठीत आली. 1893 मध्ये गद्य ‘तसबिरीचा घोटाळा’ म्हणून आणि 1916 मध्ये पदांसह. हे त्याला नंतर सांगा.

दुसरा पर्याय अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’, 1962 चं. लखोबा लोखंडे वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या वेषांत लोकांना फसवतो आणि कोर्टात शांतपणे सांगतो की तो मी नव्हेच. खोट्या प्रोफाइलवरून लग्न जुळवून फसवणूक झाल्याच्या बातम्या वाचणाऱ्या मुलाला लखोबा ओळखीचा वाटतो. फिरत्या रंगमंचावर दृश्यं झटपट बदलायची, म्हणून नाटकाचा वेगही आजच्या नजरेला झेपतो.

मात्र पहिली ओळख मोबाइलवर नको. नाटकाच्या चित्रीकरणात कॅमेरा लांब असतो, आवाज घुमतो, आणि मुलगा बोटाने पुढे सरकवतो. एकदा प्रत्यक्ष न्या. राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग जळगाव केंद्रावर होतात, तिथे एरवी व्यावसायिक दौऱ्यावर न येणारी नाटकंही बघायला मिळतात. तिसरी ते सहावी रांग धरा. पहिल्या रांगेतून पायच जास्त दिसतात, आणि दहाव्या रांगेमागे चेहरा दिसत नाही म्हणून मुलं कंटाळतात. जाताना गाडीत मध्यंतरापर्यंतची गोष्ट सांगून टाका, पुढची सांगू नका. पात्रांची ओळख आधी झाली की पहिली वीस मिनिटं वाया जात नाहीत, आणि शेवटाची उत्सुकताही राहते. हौशी प्रयोग पडेलही. पडलेला प्रयोग का पडला, यावर सोळा वर्षांचा मुलगा चांगल्या नाटकापेक्षा जास्त बोलतो.

अकरावीचा विद्यार्थी, शहादा : आम्ही घरी अहिराणी बोलतो. कॉलेजात एकांकिका बसवायची आहे. जुनं नाटक अहिराणीत केलं तर चालेल का? काही जण म्हणतात, अभिजात नाटक ‘शुद्ध’ भाषेतच शोभतं.

अभिजात नाटकच तुझ्या बाजूने उभं आहे. संस्कृत नाटकात सगळे संस्कृत बोलत नाहीत. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’मध्ये चारुदत्त संस्कृत बोलतो, वसंतसेना आणि इतर अनेक पात्रं वेगवेगळ्या प्राकृतांत बोलतात, आणि राजाचा मेहुणा शकार स्वतःच्या अशा बोलीत की तोंड उघडताच प्रेक्षकाला माणूस कळावा. एकाच रंगमंचावर चार-पाच बोल्या, आणि तरी ते दहा अंकी नाटक शतकानुशतकं टिकलं. इकडे पुलंचं ‘ती फुलराणी’, बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून 1975 मध्ये आलेलं, ते तर सगळंच्या सगळं याच प्रश्नावर आहे : मंजुळेची बोली बदलून प्राध्यापकाने तिला काय दिलं आणि तिच्याकडून काय घेतलं?

तुझ्या गटाला आमची शिफारस संस्कृत नाटककार भासाच्या ‘मध्यमव्यायोगा’ची. एकच अंक, नऊ पात्रं, पस्तीस-चाळीस मिनिटांत बसतं. हिडिंबेच्या उपासाच्या पारण्यासाठी माणूस हवा म्हणून घटोत्कच एका ब्राह्मण कुटुंबाला जंगलात अडवतो : तिघांपैकी एक मुलगा द्या. बाप थोरल्याला सोडायला तयार नाही, आई धाकट्याला कवटाळते. मधला उरतो. तो पाणी पिऊन येतो म्हणून तळ्याकडे जातो, उशीर करतो, घटोत्कच ‘मध्यमा, ये लवकर’ अशी हाक मारतो आणि जवळच असलेला कुंतीच्या तिघांतला मधला, भीम, ‘मला कोण हाक मारतंय’ म्हणत येऊन उभा राहतो. हा आपलाच मुलगा हे भीमाला कळतं, घटोत्कचाला मात्र बाप ओळखू येत नाही, आणि दोघे भिडतात.

यात मधल्या मुलाची जी जागा आहे तिथे बोली किती काम करते पाहा : ‘बाप म्हणस, मोठा मना शे. माय म्हणस, धाकला मना शे. मंग मी कोना शे?’ हे वाक्य सावकाश, कुणाकडेही न बघता म्हणायचं. रडून म्हटलं तर फुकट जातं.

आता सावधगिरी. अहिराणी फक्त नोकराच्या, गावंढळाच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी घालू नका, नेहमी तेच होतं आणि प्रेक्षकही आपल्याच बोलीवर हसून घरी जातात. एकतर कुटुंब अहिराणीत आणि घटोत्कच-भीम प्रमाण मराठीत, किंवा सगळेच अहिराणीत. पण निवड कारणाने करा. भाषांतर ओळीला ओळ लावून करू नका. प्रवेशाची गोष्ट घरातल्या मोठ्या माणसाला सांगा आणि ‘अशा वेळी माय काय म्हणेल?’ असं विचारून ते उतरवून घ्या. शिरपूरकडची आणि साक्रीकडची अहिराणी सारखी नाही. एका कुटुंबातली पात्रं एकाच गावची वाटली पाहिजेत, म्हणून लहेजा एकाच माणसाकडून तपासून घ्या. भिली किंवा पावरी बोलणारा कुणी गटात असेल तर हिडिंबा त्याच्या घरच्या बोलीत बोलू शकते, मात्र तिला अडाणी ठरवण्यासाठी नव्हे. भासाची हिडिंबा या नाटकातली सगळ्यात हुशार व्यक्ती आहे.

एकांकिका स्पर्धेत उतरवणार असशील तर गुणांसाठी नियमपत्रक आधी वाच. ‘मराठी व मराठीच्या बोली’ असं लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर आयोजकांकडून लेखी विचारून घे, तोंडी होकार प्रयोगाच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

गणेश मंडळाचा कार्यकर्ता, अमळनेर : यंदा डीजेऐवजी मुलांकडून ‘एकच प्याला’ करून घ्यायचा विचार आहे. चाळीस मिनिटांत कसा बसेल? परवानगी कुणाची? मुलं नववी ते बारावीतली.

भाऊ, विचार चांगला, पण या नाटकात एक सापळा आहे तो आधी सांगतो. तळीराम आणि त्याच्या आर्यमदिरामंडळाचे, म्हणजे दारुड्यांच्या टोळक्याचे, प्रवेश इतके रंगतात की बहुतेक मंडळं तेवढेच उचलतात. पोरं झिंगल्याची नक्कल करतात, मांडव हसतो, आणि दारूवरचं नाटक दारूची जाहिरात होऊन बसतं. गडकऱ्यांनी तो विनोद सिंधूच्या, म्हणजे दारूत बुडणाऱ्या सुधाकराच्या बायकोच्या, घराशेजारी ठेवलाय म्हणून तो बोचतो. घर काढून घेतलंत की बोचणं गेलं. म्हणून मंडळाचा प्रवेश पाच मिनिटांच्या वर नको, आणि त्याच्या लगेच पुढचा प्रवेश सिंधूच्या घरातलाच हवा, मध्ये पडदा किंवा गाणं नको.

चाळीस मिनिटं म्हणजे साधारण साडेचार हजार शब्द. मुलं रंगमंचावर मिनिटाला एकशे दहा-वीस शब्दांहून वेगाने बोलली तर शब्द खातात. पात्रं पाच ठेवा : सुधाकर, सिंधू, रामलाल, तळीराम, गीता. पहिला प्रवेश कोर्टात अपमान होऊन वकिलीची सनद गेलेल्या सुधाकरापुढे तळीराम पहिला प्याला धरतो तो, आणि तो अजिबात कापू नका. व्यसन दुःखातून येत नाही, दुखावलेल्या तोऱ्यातून येतं, हे तिथे दिसतं आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या वयाला ते नेमकं लागतं. मग मंडळ, मग गीतेचा एक प्रवेश, आणि शेवट. गीता तळीरामाची बायको, फटकळ. आजच्या मुलींना सिंधूचा सोसणारा स्वभाव पटत नाही आणि त्यांनी तो पटवून घ्यावा असंही नाही. गीता समोर असली की दोन बायका दोन तऱ्हेने जगतात हे नाटकच सांगतं. शेवटी मुलाचा मृत्यू आणि विषाचा प्याला आहे. मुलाचा प्रसंग पडद्यामागे आवाजावर ठेवा. सुधाकराचं विष पिणं रंगवून दाखवू नका, प्रकाश काढून घ्या.

संवाद कापताना गडकऱ्यांच्या एका वाक्यात चार-चार उपमा सापडतील. दोन ठेवा, दोन काढा, पण वाक्याचा शेवट तोडू नका, त्यांची टाळी नेहमी शेवटावर असते.

तालमी पंधरा धरा, प्रत्येकी दोन तास. पहिल्या चार फक्त वाचनाच्या, गोल बसून. पाठांतर तोपर्यंत बंद. आधी पाठ केलं की मुलाचा सूर घट्ट होतो, आणि मग अर्थ कळला तरी तो सूर सुटत नाही. पाचव्यापासून उभ्याने, शेवटच्या दोन रंगीत तालमी, कपडे आणि सामानासकट. विंगेत प्रॉम्प्टिंगला एकच माणूस ठेवा. दोघे असले की दोघेही वेगवेगळी ओळ पुरवतात.

मांडवात सगळ्यात जास्त नाटकं मारते ती साउंडवाल्याची ‘इको’. गाण्यासाठी लावलेली ती कळ नाटकात तशीच राहते आणि सिंधूचं प्रत्येक वाक्य विहिरीतून आल्यासारखं वाजतं. प्रयोगाआधी समोर उभं राहून ती बंद करून घ्या. रंगमंचाच्या पुढच्या कडेला घोट्याइतक्या उंचीवर तीन माइक पुरतात. हातात माइक धरून नाटक होत नाही, हात अडकतो. जनरेटर प्रेक्षकांच्या मागे, रंगमंचाच्या मागे नको. भाद्रपदातला पाऊस ताडपत्रीवर आला तर कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून शाळेचा हॉल पर्याय म्हणून बोलून ठेवा. आणि साडेआठला सुरू करा. खास परवानगीचे दिवस सोडले तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, आणि सत्कार नाटकाच्या आधी ठेवले तर नाटकच अर्धं राहतं.

परवानगीचं असं. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. गडकरी 1919 मध्ये गेले, देवल 1916 मध्ये, खाडिलकर 1948 मध्ये. त्यांची नाटकं मोकळी आहेत. अत्रे 1969 मध्ये गेले, शिरवाडकर 1999 मध्ये, पुलं 2000 मध्ये, तेंडुलकर 2008 मध्ये. त्यांच्या नाटकांना हक्कधारकांची लेखी परवानगी आणि बहुधा मानधन लागतं. शाळा-कॉलेजात, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक असतील तर कायद्यात सूट आहे. मंडळाच्या मांडवाला ती लागू नाही. गडकऱ्यांचं नाटक मोकळं असलं तरी कुणी अलीकडे केलेली संक्षिप्त रंगावृत्ती किंवा ध्वनिमुद्रित पदं मोकळी असतीलच असं नाही, म्हणून कापणी स्वतःच करा. शिवाय जाहीर प्रयोगाच्या संहितेला राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज दोन महिने आधी केलेला बरा.

शिक्षक, धुळे : मुलं मोबाइलवर आलेलं काहीही खरं मानतात. उपदेश करून उपयोग होत नाही. एखाद्या नाटकातून हे दाखवता येईल?

शेक्सपिअरचा ‘ज्युलियस सीझर’, तिसरा अंक, दुसरा प्रवेश. नाटक 1599 च्या सुमाराचं. पूर्ण नाटक नको, एवढ्या प्रवेशाला पंचेचाळीस मिनिटांच्या दोन तासिका द्या.

गोष्ट दोन वाक्यांत सांगा : सीझर राजा होऊ पाहतोय असं म्हणून ब्रूटस आणि साथीदारांनी त्याला मारलंय. आता चौकात आधी ब्रूटस आणि मग सीझरचा मित्र अँटनी बोलणार आहे. ब्रूटस आणि अँटनीसाठी चांगलं वाचणारे दोघे घ्या, पाच-सहा जणांना जमावाची वाक्यं द्या, बाकी अख्खा वर्ग जमाव. प्रत्येकाच्या हातात दोन रंगांचा कागद, एक बाजू ब्रूटसची, एक अँटनीची. चार ठिकाणी वाचन थांबवून कागद वर करायला सांगा आणि आकडे फळ्यावर लिहा : ब्रूटसचं भाषण संपल्यावर, अँटनीने ‘ब्रूटस तर सन्मान्य गृहस्थ आहे’ हे तिसऱ्यांदा म्हटल्यावर, मृत्युपत्र आहे पण वाचणार नाही असं तो म्हणतो तेव्हा, आणि सीझरचा रक्ताळलेला झगा दाखवून कुठला वार कुणाचा हे तो बोटाने दाखवतो तेव्हा.

आकडे फिरलेले वर्गाला स्वतःच दिसतात. मग दुसरी तासिका एका प्रश्नावर घालवा : अँटनी खोटं कुठे बोलला? मुलं बराच वेळ शोधतात. सीझरने मुकुट तीनदा नाकारला, हे खरंच. मृत्युपत्रात नागरिकांना पैसे आहेत. सापडतं ते चौथ्या थांब्यावर. खून झाला तेव्हा अँटनी तिथे नव्हता, त्याला मुद्दाम बाहेर नेलं होतं. तरी कॅस्काचा वार हा, ब्रूटसचा हा, असं तो छातीठोक सांगतो आणि जमावात एकालाही विचारावंसं वाटत नाही की तुला कसं ठाऊक. हे उत्तर तुम्ही सांगू नका, मुलांना काढू द्या, दहा मिनिटं लागली तरी चालतील.

त्याच्या लगेच पुढचा प्रवेश अगदी छोटा आहे. पेटलेल्या जमावाला रस्त्यात सिना नावाचा कवी भेटतो. कटवाल्यांतही एक सिना आहे. हा ओरडून सांगतो, मी तो नव्हे, मी कवी आहे. जमाव म्हणतो, मग वाईट कवितांसाठी मार. नाव जुळलं तेवढं पुरतं.

यावर बोलताना साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचं नाव निघेल. 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून तिथे जमावाने पाच निरपराध भटक्यांना ठार मारलं. तुमच्या जिल्ह्यातली ही घटना टाळू नका, पण तिचं नाट्यही करू नका. सिनाचा प्रवेश करताना मुलं हमखास हसतात, धक्काबुक्की करतात. म्हणून तो प्रवेश सगळ्यांनी जागेवर बसून, फक्त आवाजाने वाचावा. अंगाने केला की मजा येते, आणि इथे मजा यायला नको.

बारावीची विद्यार्थिनी, जळगाव : पौराणिक नाटकं आता कशाला?

खाडिलकरांचं ‘कीचकवध’ घे. 1907 चं. विराटाच्या दरबारात सैरंध्रीच्या, म्हणजे अज्ञातवासातल्या द्रौपदीच्या, मागे लागलेला कीचक, सहन करा म्हणणारा कंकभट, म्हणजे वेष पालटलेला युधिष्ठिर, आणि हात शिवशिवणारा भीम. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, कंकभटात मवाळ आणि भीमात जहाल. नाटकात इंग्रजांचं नावही नव्हतं, तरी 1910 मध्ये सरकारने ते बंद केलं. मैत्रिणींबरोबर एक प्रवेश पात्रांची नावं खोडून वाचा, नावांऐवजी ‘तक्रार करणारी’, ‘वरिष्ठ’, ‘समजूत घालणारा’ असं लिहा. कॉलेज, ऑफिस, बस स्टँड, कुठलीही जागा बसते. महाभारत पुढच्या वाचनात परत आणा.

पालक, नंदुरबार : मुलगी सतरा वर्षांची, तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ वाचते आहे. वय योग्य आहे का?

आहे. खेळ म्हणून मांडलेला खटला लीला बेणारे या शिक्षिकेच्या खाजगी आयुष्यावर घसरतो आणि खेळणारे सगळे एकत्र येऊन तिला घेरतात. सतरा वर्षांच्या मुलीला ग्रुपवर एकीला घेरणं ठाऊक असतं. तुम्ही स्वतःही वाचा आणि तिला एकच विचारा : यातल्या कुठल्या माणसाला मध्येच थांबवता आलं असतं? तिला आवडलं तर पुढे सोफोक्लिसची ‘अँटिगनी’ द्या, राजाज्ञा मोडून भावाचं दफन करणारी मुलगी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. ‘सखाराम बाइंडर’ थोडं थांबू द्या.

शिक्षक, एरंडोल : एकपात्री स्पर्धेत दरवर्षी दहा मुलं ‘कुणी घर देता का घर’ म्हणतात. सगळी सारखीच. काय करावं?

हात थरथरवणं आणि घोगरा आवाज बंद करायला सांगा, निम्मी नक्कल तिथेच गळते. पण पंधरा वर्षांच्या मुलाने अप्पासाहेब बेलवलकर करायचेच कशाला? ‘नटसम्राट’मध्ये त्याच्या वयाच्या जवळची माणसं आहेत. अप्पासाहेबांच्या मुलीच्या, नलूच्या, घरी पैसे सापडत नाहीत आणि संशय आई-बापांवर येतो, तो प्रसंग नलूच्या बाजूने करायला द्या. स्वतः नलू होऊन, ती बरोबर आहे असं धरून. मुलं आधी म्हणतात की ती वाईटच आहे. पैसे शोधताना तिच्या डोक्यात काय चाललं असेल हे तीन वाक्यांत लिहून आणायला सांगा, मग बोलू द्या. त्या मुलाने पुढे कधी अप्पासाहेब केले तर ते वेगळे होतील.

ग्रंथपाल, यावल : आमच्या वाचनालयात कुमारांसाठी नाटकांचं कपाट करायचं आहे. पैसे थोडे आहेत. कोणती वीस नाटकं घ्यावीत?

वीस घेऊ नका, चार घ्या आणि प्रत्येकाच्या सहा प्रती घ्या. नाटक एकट्याने नेऊन वाचायचं पुस्तक नाही, सहा जणांकडे प्रत असली तरच वाचन बसतं. ‘संशयकल्लोळ’, ‘शारदा’, ‘ती फुलराणी’ आणि भासाच्या एकांकी नाटकांचं एखादं मराठी भाषांतर, एवढ्यावर वर्ष निघतं. भाषांतर घेताना दोन पानं मोठ्याने वाचून बघा; जीभ अडखळली तर दुसरं घ्या. पात्रांचे संवाद पेन्सिलने खुणा करायची मुभा द्या आणि प्रत्येक प्रतीत खोडरबर ठेवा. महिन्यातला एक रविवार, सकाळी दहा ते साडेअकरा, पंखा बंद करता येईल अशी खोली. पंख्याच्या घरघरीत हळू बोलायचं वाक्य कुणी हळू बोलत नाही.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना मुलांचं वय, संख्या आणि हाताशी असलेली जागा कळवावी.)